मासेराती एवढी जुनी, तरी नाव मात्र फेरारीचंच, असं का?

ढब्बू_मिरची
मंडळी, एक शंका आहे, जाणकारांनी जरा इस्कटून सांगावं. मी शूमाकरच्या काळापासून फॉर्म्युला वन बघतोय, त्यामुळे फेरारी म्हटलं की आपसूक बाजू घेतली जाते. पण हल्ली जुन्या रेसचे व्हिडिओ बघायचा नाद लागलाय आणि त्यात सारखी मासेराती दिसते. नीट बघितलं तर मासेराती १९१४ ची आणि फेरारीची पहिली गाडी १९४७ ची! बरं दोघांचं गावही एकच म्हणायचं, मासेराती मोदेनात आणि फेरारी तिथून १८-२० किलोमीटरवर मारानेल्लोत. त्या जमान्यातला बादशहा ड्रायव्हर फांगिओनं शेवटची वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली तीही मासेरातीतूनच. एवढं सगळं असून आज रस्त्यावर कुणालाही विचारा, फेरारी शेंबड्या पोरालाही माहीत आणि मासेराती म्हटलं की लोक म्हणतात हां ती त्रिशूळवाली, महाग असते ना. असं नक्की कुठं आणि का झालं? फक्त "मार्केटिंग" एवढंच लिहून पळू नका, तेवढं मलाही येतं.

निवांत_बसलोय
+१. मलाही वाचायचंय. कार्बोरेटर काका, कुठे आहात, तुमचा विषय निघालाय.

कार्बोरेटर_काका
आलो आलो. ढब्बूशेठ, प्रश्न झकास आहे पण त्यात एक मेख आहे, ती आधी उपटू. १९१४ ची मासेराती म्हणजे गाड्या बनवणारी कंपनी नव्हेच, ते गॅरेज होतं. १ डिसेंबर १९१४, गाव बोलोन्या, आल्फिएरी मासेराती आणि त्याचे भाऊ एत्तोरे आणि एर्नेस्तो, काम काय तर दुसऱ्यांच्या गाड्या, मुख्यतः इसोत्ता फ्रास्किनी, ठोकूनठाकून रेसला तयार करून द्यायच्या. वडील रेल्वेत इंजिन ड्रायव्हर, पोरांना यंत्रांचा नाद घरातूनच. थोरला कार्लो तर १९१० मध्येच गेला होता, पण धाकट्यांना या वाटेला त्यानंच लावलेलं. मग महायुद्ध आलं, त्यात यांनी स्पार्क प्लग बनवून पोट भरलं, नंतर दियात्तो नावाच्या कंपनीसाठी रेसिंग गाडी तयार केली आणि दियात्तोनं रेसिंगमधून अंग काढून घेतल्यावर तेच डिझाइन उचलून स्वतःची पहिली गाडी काढली, टिपो २६, साल १९२६. म्हणजे हिशेब करायचाच तर तिथून करा.

ही टिपो २६ सिसिलीतल्या तार्गा फ्लोरिओ रेसमध्ये उतरली, मालक आल्फिएरी स्वतः स्टिअरिंगवर, शेजारी मेकॅनिक म्हणून ग्वेरिनो बेर्तोक्की (हे नाव लक्षात ठेवा, हा गडी पुढे कित्येक दशकं मासेरातीतच होता), आणि पहिल्याच फटक्यात दीड लिटरच्या गटात पहिला नंबर. १९२९ मध्ये तर यांनी आठ-आठ सिलिंडरची दोन इंजिनं शेजारीशेजारी बसवून सोळा सिलिंडरची गाडी काढली आणि ड्रायव्हर बोर्झाक्कीनीनं ती क्रेमोनाला १० किलोमीटरवर सरासरी ताशी २४६ किलोमीटरच्या वेगानं हाणली. १९२९ मध्ये! तेव्हाचे टायर बघा, तेव्हाचे ब्रेक बघा आणि मग तो आकडा परत वाचा.

पण आल्फिएरीला १९२७ मध्ये मेसिनाच्या रेसमध्ये जबर अपघात झाला, त्या दुखण्यानं पाठ सोडली नाही आणि १९३२ मध्ये किडनीच्या ऑपरेशनमध्ये तो गेला, वय फक्त ४४. इथं पहिली माशी शिंकली असं माझं मत. राहिलेले भाऊ हातानं सोनं होते पण धंद्याचं डोकं आल्फिएरीचं होतं. त्यात समोर मर्सिडीज आणि ऑटो युनियन, त्यांच्यामागे हिटलरच्या सरकारचा पैसा, त्यांच्यापुढे बोलोन्यातलं हे भावाभावांचं वर्कशॉप किती टिकणार. १९३७ मध्ये त्यांनी कंपनी मोदेनाच्या आदोल्फो ओर्सीला विकली. ओर्सी म्हणजे भंगारापासून सुरुवात करून पोलादात मोठा झालेला माणूस. भावांनी १० वर्षं त्याच्याकडे नोकरी करायची असा करार झाला आणि मग सगळा बाडबिस्तारा मोदेनाला हलला.

आता गंमत बघा. करार संपला कधी, तर १९४७ ला. म्हणजे ज्या वर्षी एन्झो फेरारी त्याची पहिली गाडी १२५ एस बाहेर काढतो त्याच वर्षी मासेराती बंधू मासेराती सोडून परत बोलोन्याला जातात आणि ओस्का नावाची नवी कंपनी काढतात! स्वतःचं आडनाव मागे ठेवून, कारण ते विकलेलं. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथंच आहे. फेरारी म्हणजे एक माणूस होता, चांगला चाळीस वर्षं एकाच खुर्चीत. मासेराती १९३७ नंतर फक्त पाटी राहिली, पाटीमागचा मालक बदलत गेला.

ढब्बू_मिरची
काका _/\_ हे सोळा सिलिंडरचं माहीतच नव्हतं. पण मग भाऊ गेल्यावरसुद्धा १९५७ ला फांगिओ जिंकलाच की, म्हणजे गाड्या तर भारीच बनत होत्या ना?

घाटातला_वळणदार
फांगिओचं नाव काढलंत म्हणून राहवेना. काका इतिहास सांगतील, मी फक्त एक रेस सांगतो. ४ ऑगस्ट १९५७, नुर्बुर्गरिंग. एक लॅप म्हणजे जवळजवळ २३ किलोमीटर, जंगलातून डोंगरातून, असे २२ लॅप. गाडी मासेराती २५० एफ. समोर फेरारीत माइक हॉथॉर्न आणि पीटर कॉलिन्स, दोघं पोरसवदा, आणि फांगिओचं वय ४६. फेरारीवाले पूर्ण टाकी भरून न थांबता जायच्या बेतात होते. मासेरातीनं उलटा डाव टाकला, निम्मीच टाकी भरायची, टायर मऊ घ्यायचे, गाडी हलकी म्हणून सुरुवातीला पळ काढायचा आणि मध्ये एकदा थांबून पेट्रोल आणि टायर घ्यायचे. बारा लॅपपर्यंत सगळं बेतानुसार, अर्ध्या मिनिटाच्या आसपास आघाडी.

आणि पिटमध्ये घोळ. चाकाचा नट हातातून निसटून गाडीखाली गेला, तो सापडेपर्यंत आघाडी गेलीच, वर फांगिओ बाहेर पडला तो पाऊण मिनिटाहून जास्त मागे. पहिला एखाद लॅप त्यानं टायर रुळवण्यात घालवला तर फेरारीच्या पिटला वाटलं म्हातारा संपला, त्यांनी आपल्या पोरांना आरामात चालवा असा इशारा दिला. मग जे सुरू झालं ते! क्वालिफायिंगला त्याची स्वतःची वेळ होती ९ मिनिटं २५.६ सेकंद. रेसमध्ये त्यानं ९ मिनिटं १७.४ काढले. म्हणजे स्वतःपेक्षा आठ सेकंद फास्ट, तेही सीट खिळखिळी झालेली असताना, गुडघे दाबून स्वतःला धरून. फेरारीच्या पिटला कळेपर्यंत उशीर झाला होता, तेव्हा रेडिओ नव्हता, लॅपमागे एकदाच पाटी दाखवता यायची आणि लॅप नऊ मिनिटांचा. एकविसाव्या लॅपला आधी कॉलिन्स गेला मागे, मग हॉथॉर्न. फांगिओ ३.६ सेकंदांनी जिंकला, पाचवी चॅम्पियनशिप तिथंच पक्की झाली आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या ग्रां प्रीतला तो त्याचा शेवटचा विजय. हरलेली दोन्ही पोरं पोडियमवर त्याच्यापेक्षा जास्त खूश दिसतात, फोटो बघा.

निवांत_बसलोय
अंगावर काटा. आणि परवापरवापर्यंत, २०२५ पर्यंत, डीआरएस (मागच्या पंखाची झडप) उघडून पुढं जाण्याला ओव्हरटेक म्हणायचे.

कार्बोरेटर_काका
वळणदार, छान लिहिलंत. आता ढब्बूशेठच्या प्रश्नाचं उरलेलं निम्मं. गाड्या भारी होत्याच, दुखणं तिजोरीत होतं. ओर्सीचा मशीन टूल्सचाही धंदा होता, त्यात अर्जेंटिनाच्या पेरॉन सरकारची मोठी ऑर्डर घेतलेली, १९५५ मध्ये पेरॉनची सत्ता गेली आणि पैसे अडकले ते अडकलेच. त्यात १९५७ च्या नोव्हेंबरात व्हेनेझुएलाला काराकासची रेस, स्पोर्ट्स कार चॅम्पियनशिपची शेवटची, मासेरातीला फेरारीच्या हातून किताब काढून घ्यायची संधी. मास्टेन ग्रेगरीची मासेराती ४५० एस सुरुवातीलाच उलटली. स्टर्लिंग मॉसच्या मासेरातीपुढे एसी कंपनीची एक हळू गाडी आडवी आली, तिच्यावर आदळून तीही गेली. तिसऱ्या ४५० एसला पिटमध्ये पेट्रोल भरताना आग लागली, विझवून परत पाठवली तर चौथ्या मासेरातीचा टायर फुटून ती हिच्यावरच आदळली. म्हणजे एकाच दुपारी आपल्याच दोन गाड्या एकमेकींवर आपटून सगळ्या खलास! नशीब एवढंच की सगळे ड्रायव्हर जिवानिशी वाचले. ज्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाले त्याच वर्षाअखेर कंपनीनं फॅक्टरी टीम (म्हणजे स्वतःची रेसिंग टीम) गुंडाळली, आणि १९५८ उजाडलं ते कोर्टाच्या देखरेखीखाली कारभार घेऊन.

वाचवलं कुणी, तर ३५०० जीटीनं. सहा सिलिंडर, मिलानच्या टूरिंगची अल्युमिनियम बॉडी, मासेरातीची पहिली खऱ्या अर्थानं संख्येनं बनलेली रस्त्यावरची गाडी, १९५७ ते ६४ मध्ये २ हजारांच्या वर खपल्या. आणि ४५० एसच्या रेसिंग इंजिनावरून इराणच्या शहासाठी ५००० जीटी बनवली, मग ती बघून बाकीच्या धनाढ्यांनाही तशीच हवी झाली. त्यानंतर फॅक्टरीनं लक्ष घातलं ते आरामदायी वेगवान गाड्यांत, १९६३ ला क्वात्रोपोर्ते, १९६६ ला डिझायनर जुजारोची घिबली (माझ्या मते त्या दशकातली सगळ्यात देखणी गाडी, वाद घालायचा तर घाला). रेसिंग गिऱ्हाइकांच्या जीवावर चालू राहिलं, मासेरातीची बर्डकेज ही रेसिंग गाडी बघा, बोटाएवढ्या बारीक नळ्या जोडून पिंजऱ्यासारखी केलेली चासी, १९६० आणि ६१ ला नुर्बुर्गरिंगची हजार किलोमीटर मारली तिनं. पण दर रविवारी पेपरात नाव येतं ते फॅक्टरी टीमचं, आणि ते मैदान फेरारीला मोकळं मिळालं.

लाल_घोडा
काका आदर आहे पण "मोकळं मिळालं" हे पटलं नाही. फेरारीला काय कुणी ताटात वाढून दिलं नव्हतं. एन्झोची पण बोंब होतीच, पैसा त्याच्याकडेही नव्हता. फरक हा की बाकीचे रेसिंग करायचे गाड्या खपाव्यात म्हणून, आणि हा बाबा गाड्या विकायचा रेसिंग करता यावं म्हणून. १९६३ मध्ये फोर्ड थैली घेऊन दारात आली, सौदा जवळजवळ झालेला, पण रेसिंग टीमवर शेवटचा शब्द कुणाचा इथं येऊन त्यानं मोडला. १९६९ मध्ये फिआटला निम्मी कंपनी दिली तेव्हाही रस्त्यावरच्या गाड्या तुम्ही बघा, रेसिंग माझ्याकडे, असंच ठरलं आणि १९८८ ला मरेपर्यंत ते तसंच राहिलं. फिआटच्या त्या सौद्याच्या एक वर्ष आधी, १९६८ ला, ओर्सींनी मासेराती कुणाला दिली? फ्रान्सच्या सित्रोएनला. सित्रोएनला रेसिंग नको होतं, त्यांना त्यांच्या एसएम गाडीसाठी व्ही-६ इंजिन हवं होतं. दोन शेजारी, दोघंही एका वर्षाच्या फरकानं मोठ्या कंपनीकडे गेले, एकानं अट घालून दिलं आणि दुसऱ्यानं नुसतं दिलं. बाकी सगळं तपशील.

कार्बोरेटर_काका
@लाल_घोडा, हे मात्र मान्य. उलट माझ्या म्हणण्याला जोरच आला. ओर्सी उद्योजक होता, रेसिंगवेडा नव्हे, आणि जे वेडे होते ते १९४७ लाच उठून गेलेले.

रानजाई
मी दोन वर्षं झाली बोलोन्यात आहे, नवऱ्याची नोकरी इथं. त्रिशूळाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. इथं मुख्य चौकाला लागून नेपच्यूनचं कारंजं आहे, सोळाव्या शतकातलं, त्यातल्या पुतळ्याच्या हातात त्रिशूळ. सहा भावांतला मारिओ एकटाच गाड्यांच्या नादी न लागता चित्रकार झाला, आणि बोनेटवरची खूण त्यानंच त्या पुतळ्यावरून काढून दिली. आपल्याकडची पाहुणेमंडळी आली की हमखास शंकराचा त्रिशूळ म्हणून फोटो काढतात, मी काही बोलत नाही :)

मोदेनाला गेलात तर गावाबाहेर पानिनी कुटुंबाच्या शेतावर नक्की जा, तेच पानिनी, फुटबॉलच्या स्टिकरवाले. त्यांची डेअरी आहे, पार्मेजान चीजची मोठमोठी चाकं फळ्यांवर रचलेली, गोठ्यात गाई, आणि पलीकडच्या इमारतीत चक्क जुन्या मासेरातींचा संग्रह. ९० च्या दशकात कंपनीचा जुना संग्रह लंडनला लिलावात निघाला होता, तो या पानिनीनं गाड्या देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून विकत घेतला. त्यात पांढरी एल्दोरादो आहे, आइस्क्रीम कंपनीनं पैसे देऊन बनवून घेतलेली रेसिंग गाडी, मागच्या बाजूला हसरा काउबॉय रंगवलेला. १९५८ ला मोंझाच्या तिरप्या ट्रॅकवर हिचं स्टिअरिंग तुटलं तेव्हा आत स्टर्लिंग मॉस होता, भिंतीला घासत गेला पण सुखरूप उतरला. इतक्या जवळून बघितल्यावर कळतं की आत पायाशी माणसाला आणि धडधडत्या इंजिनाला वेगळं करणारा फक्त एक पातळ पत्रा आहे.

आणि हो, मरिया तेरेझा दे फिलिप्पीसचं नाव कुणीच घेतलं नाही? फॉर्म्युला वनमधली पहिली बाई, १९५८, बेल्जियमला दहावी आली, गाडी मासेराती २५० एफ.

अजून एक, ओर्सीबद्दल इथले जुने लोक जरा वेगळ्या सुरात बोलतात. त्याच्याच मालकीच्या मोदेनाच्या फाउंड्रीसमोर जानेवारी १९५० मध्ये पोलिसांच्या गोळीबारात सहा कामगार मेले. मोदेना म्हणजे नुसत्या सुपरकार आणि व्हिनेगर नाही.

मिस्त्री_नंबर_एक
सगळे पन्नास-साठवरच अडकलात, खरी वाट लागली ती पुढं. सित्रोएन स्वतःच गाळात गेली आणि १९७५ च्या मे महिन्यात त्यांनी मासेराती बंद करायची घोषणा केली, मोदेनात हाहाकार, सरकारी मदतीनं आलेहांद्रो दे तोमासोनं घेतली. हा अर्जेंटिनाचा, स्वतः रेसर. डिसेंबर १९८१ ला त्यानं बायटर्बो काढली. आयडिया वाईट नव्हती, ऐकून घ्या. इटलीत दोन लिटरच्या वर इंजिन असेल तर जबरदस्त कर, म्हणून दोन लिटरचंच व्ही-६ ठेवायचं आणि दोन टर्बो लावून त्यातून मोठ्या इंजिनाची ताकद काढायची, किंमत बीएमडब्ल्यूच्या आसपास. दोन टर्बोवाली प्रॉडक्शन गाडी जगात पहिलीच. लोकांनी उड्या टाकल्या.

पण सुरुवातीच्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन नाही, कार्बोरेटर! टर्बोची दाबलेली गरम हवा बंद डब्यातल्या कार्बोरेटरमध्ये कोंबायची. ज्यानं कधी उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये तापलेली गाडी परत चालू करायचा प्रयत्न केलाय त्याला पुढचं सांगायला नको. टर्बो थंड व्हायच्या आत इंजिन बंद केलं की आतलं ऑइल जळून बेअरिंगची वाट, आणि हे गिऱ्हाइकाला कुणी धड समजावलेलंही नसायचं. इलेक्ट्रिकची बोंब वेगळीच. पुढं इंजेक्शन आलं, गाडी सुधारली, पण तोवर अमेरिकेत नाव इतकं खराब झालेलं की ९० च्या सुरुवातीला तिथून चंबूगबाळं आवरावं लागलं. नाव कमवायला तीस वर्षं लागली आणि घालवायला पाच पुरली.

लाल_घोडा
आणि मग सोडवायला कोण आलं सांगू का :D १९९३ ला फिआटकडे, १९९७ ला निम्मी फेरारीकडे आणि १९९९ ला पूर्ण. फेरारीनं मोदेनाचा कारखाना काही महिने बंद ठेवून नवी असेंब्ली लाइन टाकली, पुढं स्वतःचं व्ही-८ इंजिन दिलं, आणि मासेरातीची एमसी १२ तर सरळ फेरारीच्या एन्झो नावाच्या गाडीच्या चासीवर बनली. तिनं जीटी रेसिंगमध्ये एवढ्या चॅम्पियनशिप मारल्या की बास.

किस्सा असा सांगतात की १९८३ ला इटलीचे राष्ट्रपती पेर्तीनी मारानेल्लोला आले ते क्वात्रोपोर्तेत बसून, तर एन्झो त्यांच्या स्वागताला गाडीजवळ गेलाच नाही, राष्ट्रपतींना चालत यावं लागलं. त्याच एन्झोच्या कंपनीनं सोळा वर्षांनी मासेराती विकत घेतली. म्हातारा असता तर काय म्हणाला असता!

मिस्त्री_नंबर_एक
म्हणाला असता आधी कार्बोरेटर काढा.

कार्बोरेटर_काका
माझ्या नावाला हात लावू नका :D

ढब्बू_मिरची
खजिना आहे हा धागा, वाचनखूण साठवली. शेवटचा प्रश्न, मग आता रेसिंगमध्ये मासेराती आहे की नाही? आणि आपल्याकडचं कुणी कधी चालवलीये का?

घाटातला_वळणदार
चालवलीये की! आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला, २०२४ च्या फॉर्म्युला ई (विजेवरच्या गाड्यांची रेस) मोसमात मासेरातीचा फुल टाइम ड्रायव्हर होता, टीममेट मॅक्सिमिलियन ग्युंटर. ग्युंटरनं त्या वर्षी टोकियोची रेस मारली. जेहानचा मोसम यथातथाच गेला, पण पहिल्या वर्षी ती गाडी भल्याभल्यांना जड जाते, ब्रेक मारतानाही बॅटरीचा हिशेब डोक्यात ठेवावा लागतो. त्याच्या आधी फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादला हुसेनसागरच्या काठानं रेस झाली तेव्हाही मासेराती टीम होतीच, आपल्याकडनं सोलापूरमार्गे बरीच मंडळी गेली होती. आवाज नाही म्हणून नाकं मुरडणारे मुरडतात, मुरडू देत.

बाकी आता विचाराल तर त्या टीमवरची मासेरातीची पाटीही उतरली. मासेराती २०२१ पासून स्टेलांटिस या बड्या मोटार समूहाकडे आहे, आणि त्यांनी फॉर्म्युला ईमधली जागा २०२५ च्या अखेरीला आपल्याच दुसऱ्या ब्रँडला दिली. कुठल्या ते ओळखा.

लाल_घोडा
नको सांगूस. सित्रोएन??

घाटातला_वळणदार
सित्रोएन.

कार्बोरेटर_काका
घ्या!! एवढं होऊन परत तेच. रस्त्यावरच्या गाड्यांत मात्र जीव आहे हो अजून, एमसी २० चं तीन लिटरचं नेत्तूनो इंजिन बघा, ते मोदेनातच बनवलंय. मुख्य स्पार्क प्लगची ठिणगी आधी एका छोट्या कप्प्यात पडते आणि तिथून ज्वाळा बारीक भोकांतून मोठ्या चेंबरमध्ये फेकली जाते, त्यामुळे दोन टर्बोवर ६३० हॉर्सपॉवर. त्यावर वेगळा धागा काढतो, इथं फार लांबलं, आणि मिस्त्रींना विनंती की त्यात टर्बोच्या बेअरिंगचं सविस्तर लिहा.